पापड्यांवरची काजळी

टक्. मग घूंऽऽ करत पंखा फिरायचा. मग क्षणभर काहीच नाही, आणि मग 'भप्प!' हाइलमधल्या आमच्या घरात हिवाळ्याची सकाळ अशी व्हायची. कोंबडा नाही, दूधवाला नाही, देवळातली घंटा नाही. पहाटेची अजान झाली की थोड्या वेळाने तळमजल्यावरचा बॉयलर पेटायचा, डिझेलच्या ज्योतीवर पाणी तापायचं आणि ते नळ्यांमधून इमारतभर फिरायला निघायचं. प्रत्येक खोलीत खिडकीखाली लोखंडी रेडिएटर होता. तो आधी नुसतीच कटकट करायचा आणि मग सावकाश तापायचा. बाबा तेव्हा बेसिनपाशी दाढी करत असायचे. 'टक्' ऐकलं की त्यांचा ब्रश गालावरच थांबायचा आणि 'भप्प' झालं की पुढे सरकायचा. मधला तो क्षण जरा लांबला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "पेटेल हो, पेटेल. तुम्ही तोंड धुवा." बाबा त्या बॉयलरचे इंजिनीअर होते. अबू नाएफ नावाच्या मालकाच्या साऱ्या इमारती, एक गॅरेज आणि गव्हाच्या शेतावरचे पंप एवढा पसारा त्यांच्याकडे होता, पण जीव होता तो या एका बॉयलरवर. त्याच्या उबेला आम्ही झोपायचो ना.

सौदीत थंडी पडते हे नाशकात कुणालाही सांगून पटलं नाही. निघताना मावशीने मला सुती फ्रॉकच फ्रॉक शिवून दिले होते, "वाळवंटात चाललीस गं बाई, घामोळं येईल." आई मात्र निफाडची. थंडीने द्राक्षाचे घड करपू नयेत म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटवणाऱ्यांच्या घरातली. तिने गुपचूप दोन गोधड्या बॅगेच्या तळाशी घातल्या, आणि त्याच कामाला आल्या. हाइलला पहिल्याच डिसेंबरात गच्चीवरच्या बादलीतल्या पाण्यावर बर्फाची काच धरली. मी ती काच उचलून आईला दाखवायला पळत खाली आले, तर जिन्यातच तिचे तुकडे झाले आणि वरून आईचा धपाटा मिळाला, "चपला कुठायत?" आता माझा मुलगा सौदीतच, थुवालला विद्यापीठात संशोधन करतो. समुद्रकाठ तो, तिथे जानेवारीतही एसी. "मॉम, यू आर एक्झॅजरेटिंग," म्हणतो. मी म्हणते, बाळा, जरा उत्तरेला जाऊन ये, नाक गळायला लागलं की मग बोल.

आम्ही गेलो तेव्हा मी चौदाएक वर्षांची असेन. तोपर्यंत बाबा म्हणजे वर्षातून एकदा येणारे पाहुणे होते. येताना चॉकलेटं, अत्तर आणि एखादं मोठं ब्लँकेट आणायचे, घरभर नवीन साबणाचा वास सुटायचा, आणि त्यांच्याशी काय बोलायचं ते कळायला लागेपर्यंत त्यांची जायची वेळ व्हायची. मी त्यांना 'अहो बाबा' म्हणायचे, 'तुम्ही' म्हणायचे. वर्गातल्या मुली आपापल्या बापाला अरेतुरे करायच्या, पण पाहुण्याला कुणी अरेतुरे करतं का? मग अबू नाएफने ती इमारत फॅमिलीवाल्यांसाठी खुली केली. त्याआधी तिथे सगळे एकटे राहणारे कामगार होते, आठ-आठ जण एका घरात. बाबांना वरच्या मजल्यावरचं घर मिळालं आणि मालकाने आमच्या व्हिसाच्या कागदावर सही केली. तो बाबांचा कफील, म्हणजे आमचं येणं, राहणं, दर वर्षी इकाम्याचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, कार्ड नवं होणं, सगळं त्याच्या सहीवर.

आम्ही पोचलो त्या दिवशी बाबांच्या स्वयंपाकघरात एक ताट, एक वाटी, एक पेला आणि एक चमचा होता. तेवढंच. जेवण झालं की ते लगेच धुऊन, पुसून, भिंतीतल्या एका ठरलेल्या खिळ्याखाली उपडं घालायचं, अशी त्यांची कितीतरी वर्षांची शिस्त. आमच्यासाठी त्यांनी नवी ताटं आणून ठेवली होती, अजून किमतीची चिकटपट्टी लावलेली. आईने ती चिकटपट्टी नखाने खरवडत विचारलं, "आणि पाहुणा आला तर?" बाबा म्हणाले, "इथे कोण येतंय?" मग तुम्ही इतकी वर्षं कोणाबरोबर जेवलात, असं मला विचारायचं होतं, पण विचारलं नाही. आमच्या अगडबंब बॅगा घरात मावेनात. बाबांनी त्या रिकाम्या करून त्याच संध्याकाळी बॉयलरच्या खोलीत नेऊन ठेवल्या. खोली कोरडी, उबदार, वाळवी नाही. ते पाहून खालच्या शबानाभाभींनी आपल्या बॅगा ठेवल्या, मग त्यांच्या टीव्हीचं खोकं, मग बाकीच्या घरांच्या बॅगा. आखातातला माणूस खोकं टाकत नाही. घरी परत जाताना लागेल, असं प्रत्येकाच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून असतं.

ते पहिले महिने मजेचे होते आणि अवघडही. बाबांना घरात बोलायची सवयच नव्हती. ते फोरमनसारखे बोलायचे. "मनीषा, दिवा बंद. खलास." "यल्ला, शाळेची बस." आईने पहिल्यांदा खमंग फोडणीचं वरण केलं तेव्हा ते जेवताना एक शब्द बोलले नाहीत, आणि हिला वाटलं आवडलं नाही. मग त्यांनी पातेलंच पुढे ओढलं आणि खबुसाचा तुकडा त्याच्या कडेने फिरवत सगळं पुसून खाल्लं. खबूस म्हणजे तिथली जाड, फुगलेली रोटी. इतकी वर्षं हा माणूस रोज तीच खात होता, बरोबर पाणीदार डाळ. आई पातेलं घेऊन मोरीपाशी गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "आई, पातेलं तर चकाचक आहे, धुतेस काय?" तशी ती हसली आणि डोळे पुसत म्हणाली, "गप गं, आगाऊ."

थंडी ऐन भरात आली आणि एका शुक्रवारी अबू नाएफ आला. उंच, दाढी मेंदीने रंगवलेली, पायघोळ अरबी थोबावर घातलेला जाड लोकरी कोट, आणि हातात खजुराचा डबा. वाईट माणूस नव्हता हो. माझ्या डोक्यावर हात ठेवून "शातिरा, शातिरा" म्हणायचा, म्हणजे हुशार. त्याचं बोलणं निम्मं अरबी, निम्मं बाबांच्या कामगारांकडून शिकलेलं हिंदी. आई आत होती, तिथल्या रीतीप्रमाणे. मी चहा घेऊन गेले आणि दाराशी रेंगाळले. अबू नाएफ सांगत होता, की दर हिवाळ्यात एक टँकर भरला की पुरायचा. या वेळी थंडी निम्मीही झाली नाही आणि टाकी तळाला गेली. "मुहंदिस," म्हणजे इंजिनीअर, "बॅचलर लोग थोडा डीझल. फॅमिली लोग डीझल पीता है!" त्याने पेला तोंडाला लावल्याचा अभिनय करून दाखवला. बाबा हसले नाहीत. मग तोही गंभीर झाला. एक टँकर आणखी देतो, म्हणाला, पण तो थंडी संपेपर्यंत पुरला पाहिजे. नाही पुरला तर खलास. इमारत पुन्हा बॅचलरांना, ते बिचारे एका ब्लँकेटवर भागवतात, आणि फॅमिली आपापल्या देशात. इकाम्यांवर सही नाही. "ज़ालान नहीं, मुहंदिस," रागावू नको, असं म्हणून त्याने बाबांचा खांदा थोपटला आणि खजूर ठेवून गेला.

मला परत जायचं नव्हतं. नाशिक आवडत नव्हतं असं नाही. पण बाबांना कारल्याची भाजी आवडते, ते झोपेत दात खातात, त्यांना गणित शिकवता येतं पण रागावल्याशिवाय शिकवता येत नाही, हे सगळं मला आत्ता कुठे कळायला लागलं होतं. हातात आलेला बाप पुन्हा विमानतळावर सोडून यायचा? आई तर त्या दिवशी जेवलीच नाही.

बाबांनी युद्ध पुकारलं. माझा आताचा पोटापाण्याचा धंदा हाच आहे, लोकांच्या कारखान्यांत आणि हॉस्पिटलांत जाऊन इंधन कुठे वाया जातं ते शोधायचं. त्यामुळे आज सांगू शकते, की बाबांनी सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली. बॉयलरवर त्यांचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास. थंडीआधी तो साफ झाला होता, रोज ते स्वतः जाऊन ज्योत बघत होते, पिवळीधमक, स्वच्छ. म्हणजे दोष घरांचा. उष्णता कुठूनतरी पळत असणार. ती शोधायला ते हातात पेटती उदबत्ती घेऊन इमारतभर फिरायला लागले. खिडकीच्या फटीपाशी उदबत्ती धरायची, धूर हलला की तिथे वारा आहे, लाव चिकटपट्टी. युक्ती बरोबरच आहे, मीही अजून वापरते. पण त्यांनी आधी सांगितलं नाही ना कुणाला! शबानाभाभींच्या घरात ते गंभीर चेहऱ्याने चौकटीभोवती उदबत्ती ओवाळताना दिसले, तशा त्या हैदराबादी हेलात म्हणाल्या, "क्या कर रें देवरेसाब? नज़र उतार रें क्या?" बाबा म्हणाले, "हवा ढूँढ रहा हूँ." भाभी माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुम्हारे अब्बा कू ज़रा आराम करने बोलो, बेटा."

खरी लढाई मात्र आमच्याच स्वयंपाकघरात झाली. आई स्वयंपाकघराची खिडकी चारेक बोटं कायम उघडी ठेवायची, बाहेर बर्फ पडलं तरी. माहेरी तिच्या चुलतभावाने आणि वहिनीने एकदा थंडीत शेगडी आत घेऊन दार-खिडकी घट्ट लावली होती. सकाळी दार फोडून दोघांना बाहेर काढलं; वाचली बिचारी, पण जरा उशीर झाला असता तर संपलंच होतं. तेव्हापासून आईचा नियम होता: घरात विस्तव असेल तर खिडकी उघडी. बाबा डोक्याला हात लावायचे. "अगं, रेडिएटरमध्ये विस्तव नाही! गरम पाणी आहे नुसतं. विस्तव तिकडे खाली, बॉयलरच्या खोलीत." आई म्हणायची, "असेना का. ऊब आहे म्हणजे कुठेतरी विस्तव आहे." बाबांनी खिडकी लावली की ती उघडायची, तिने उघडली की ते लावायचे. शेवटी बाबांनी चिकटपट्टीच ठोकली आणि मालकाची ताकीद पुन्हा ऐकवली. आई म्हणाली, "म्हणजे उद्या आम्हाला परत पाठवायची वेळ आली, तर ती माझ्या चार बोटांच्या खिडकीमुळे, असंच ना?" बाबा चिकटपट्टीचं टोक अंगठ्याने दाबत राहिले, आणि ते आईला फार लागलं.

सगळ्या फटी बुजल्या. लोकांनी धुण्याला गार पाणी घ्यायला सुरुवात केली. मी घरात स्वेटर घालून अभ्यास करायचे. तरी बाबा टाकीत लोखंडी पट्टी बुडवून बाहेर काढायचे तेव्हा डिझेलची ओली खूण रोज ठरल्यासारखी खाली सरकलेली असायची, जराही कमी वेगाने नाही. खिळ्याखाली ताट उपडं घालताना एकदा त्यांनी आमच्या ताटांकडे पाहिलं, ते मी पाहिलं.

मग एका सकाळी उठले तर आईने मोठ्या पातेल्यात साबुदाणा शिजवायला घेतला होता. हिरवी मिरची, जिरं, मीठ. घरभर तो वास. "आई, पापड्या? जानेवारीत?" वाळवणं उन्हाळ्यात करायची असतात एवढं मलाही माहीत होतं. ती ढवळत राहिली. म्हणाली, "इथलं ऊन बघ कसं खणखणीत आहे, आणि हवा कोरडी. वाळतील." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपण गेलो तर यांना वर्षभर पुरतील. नुसत्या तळल्या की झालं. निदान डाळीबरोबर काहीतरी कुरकुरीत तरी असेल पानात. मला नाही बघवत गं ते एक ताट." मी पातेलं उचलायला हात लावला. आम्ही दोघींनी गच्चीवर प्लास्टिक अंथरलं, चारही टोकांना विटा ठेवल्या आणि पळीने ओळीने पापड्या घातल्या. गच्ची भरून गेली. थंड वाऱ्यात आमची नाकं लाल झाली होती आणि आई मला निफाडच्या गच्चीवर कावळे हाकलताना बसलेल्या माराच्या गोष्टी सांगत होती. आम्ही कशासाठी पापड्या घालतोय, ते दोघीही थोडा वेळ विसरलो.

दुपारी उलटवायला गेलो तर पापड्यांवर काळे ठिपके. एकदोन नाहीत, सगळीकडे, कुणी मोहरी उधळावी तसे. आईने एका ठिपक्यावर बोट फिरवलं. काळा, तेलकट फराटा उमटला. तिच्या मनात महिनाभर साठलेलं सगळं त्या फराट्याबरोबर वर आलं. ताटात पापड्या घेऊन ती जी निघाली ती जिन्याने थेट खाली, बॉयलरच्या खोलीत. मी मागे. "हे बघा! बघा तुमच्या लाडक्याचं कर्तृत्व!" बाबा म्हणाले, "वाळू असेल. वारा आहे आज." "वाळू पिवळी असते! हे काजळ आहे, काजळ. डोळ्यांत घाला हवं तर! माझ्या चार बोटांच्या खिडकीला नावं ठेवता, आणि हे तुमचं धुराडं माझ्या अन्नावर थुंकतंय ते दिसत नाही?" बाबांनी पापडी हातात घेतली. उजेडाकडे धरली. बोटाने चोळली, वास घेतला. आणि मग त्यांचा चेहरा असा झाला, की आईने हातातलं ताट खाली ठेवलं.

"मनीषा," ते म्हणाले, "कंदिलाची काच काळी कधी होते?" मी म्हटलं, "वात मोठी झाली की." "किंवा खालची जाळी बुजली की. तेल तेवढंच, पण हवा कमी. मग तेल पुरतं जळत नाही, त्याचं काजळ होतं. ते काजळ आत नळ्यांवर बसतं. तव्याच्या बुडाला राप चढला की भाकरी भाजायला वेळ लागतो ना, तसं. मग पाणी तापत नाही, मग बॉयलर जास्त वेळ जळतो, जास्त डिझेल, जास्त काजळ. हे मी धुराड्याशी पांढरा कागद धरून बघायला हवं होतं. कॉलेजात शिकलोय मी हे!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. हाइलच्या थंडीत प्रत्येकाच्याच तोंडातून वाफ निघते. धुराड्यातून थोडं काही निघालं तर कोण बघतो? "पण ज्योत तर स्वच्छ आहे," ते स्वतःशीच म्हणाले, आणि खरंच, काचेच्या भोकातून बघितलं तर ज्योत पिवळीधमक.

मग सुरू झाला तो प्रयोग. बाबांना आणखी ओल्या पापड्या हव्या होत्या. "माझ्या पापड्या म्हणजे काय तुमच्या कारखान्यातलं सामान?" म्हणत आईने पातेल्याला चिकटलेला साबुदाणा खरवडून ताटाच्या पाठीवर पसरून दिला. मी गच्चीवर धुराड्याच्या वाऱ्याच्या बाजूला ताट धरून उभी, बाबा खाली बॉयलरपाशी. बराच वेळ गेला. ताट स्वच्छ. मी कठड्यावरून ओरडले, "बाबाऽऽ, पांढरं आहे! काही नाही!" ते विश्वास न बसून स्वतः वर बघायला आले. ते येऊन उभे राहतात तोच धुराड्याने जरा काळं ओकलं आणि ताटावर दोन ठिपके. पुन्हा खाली गेले, मी ताट पुसून धरलं, पांढरं. पुन्हा वर आले, ठिपके! मला हसू आवरेना. शबानाभाभीही शाल गुंडाळून तमाशा बघायला आल्या होत्या. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी ओरडले, "बाबा, तू वर येऊच नको ना! तू आलास की काळं होतं!" तोंडातून 'तू' गेलं ते मला नंतर कळलं. त्यांना मात्र तेव्हाच कळलं असावं, कारण ते माझ्याकडे बघत राहिले. आई म्हणाली, "खरंच हो, तुम्ही खाली असलात की कसा शहाण्यासारखा जळतो. येताना त्याला दम देऊन येता का काय?"

"दम कशाला देतोय?" बाबा वैतागून म्हणाले. "हात पुसतो, चप्पल घालतो, दार लाव—" आणि थांबले. पुढच्या क्षणी ते जिन्यावरून धाडधाड खाली पळत होते, एक चप्पल पायात, एक गच्चीवर.

बॉयलरच्या खोलीचं दार लोखंडी, घट्ट. मांजरं शिरू नयेत म्हणून बाबा ते कायम लावून घ्यायचे. ज्योतीला हवा मिळायची ती मागच्या भिंतीतल्या जाळीच्या खिडकीतून. आणि त्या जाळीसमोर, जमिनीपासून छतापर्यंत, आमच्या सगळ्यांच्या परत जायच्या बॅगा होत्या. बॅगा, त्यांच्यावर खोकी, खोक्यांवर गुंडाळलेल्या गाद्या. बाबा आत यायचे तेव्हा दार उघडं राहायचं आणि ज्योतीला पोटभर हवा मिळायची. दार लावून निघाले की ती गुदमरायची. बिचारी त्यांच्यासमोर कधी खोकलीच नाही. आई दारात उभी राहून सगळं बघत होती. मला वाटलं, आता महिनाभराचं उट्टं काढणार. ती एवढंच म्हणाली, "विस्तव असेल तिथे खिडकी उघडी ठेवावी," आणि बाबा इतक्या जोरात हसले की भाभींच्या खांद्यावरची शाल घसरली. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

मग आम्ही सगळे बॅगा बाहेर काढायला लागलो. सगळ्यात शेवटी, सगळ्यात तळाशी, जाळीला अगदी टेकून, आमच्या दोन बॅगा निघाल्या. बाबा त्यांच्यावर हात टेकून बसून राहिले. आईने विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "या मीच ठेवल्या इथे. पहिल्याच संध्याकाळी. तुम्ही निघायचं म्हणालात की पटकन हाताशी असाव्यात म्हणून." आई म्हणाली, "आम्ही कधी म्हटलं निघायचं?" "नाही म्हणालात," बाबा म्हणाले. "पण मला वाटलंच नव्हतं गं तुम्ही राहाल. इतकी वर्षं कुणी राहिलंच नव्हतं." एवढं बोलून ते नाक शिंकरायला लागले, आणि मी बापाच्या पाठीवर पहिल्यांदा आपण होऊन हात ठेवला. आजही नव्या ठिकाणी गेले की तिथले इंजिनीअर मला कागद, आकडे, आलेख दाखवायला लागतात. मी म्हणते, ते नंतर, आधी मला बॉयलरच्या खोलीत तुम्ही काय काय रचून ठेवलंय ते दाखवा. ते हसतात. हसू देत.

दुसऱ्या दिवशी बॉयलर बंद ठेवून बाबांनी नळ्या ब्रशने घासल्या. संध्याकाळी ते बाहेर आले तेव्हा फक्त डोळे आणि दात दिसत होते. तो दिवसभर साऱ्या इमारतीतली बायकामुलं आमच्या बैठकीत गोधड्या पांघरून बसली होती, आईचा आल्याचा चहा आणि भाभींची खिचडी आणि चिंचेचा खट्टा यांवर. ताटं पुरली नाहीत. बाबांचं ते एक ताटसुद्धा खिळ्याखालून काढून घ्यावं लागलं, आणि भाभींचा धाकटा त्यात जेवला. रात्री 'भप्प' झालं ते निराळंच, हलकं, एका दमात. आमच्या बॅगा बाबांनी सुट्टीवर निघालेल्या दोन कामगारांना देऊन टाकल्या. आई म्हणाली, "अहो, लागतील की कधीतरी." "लागतील तेव्हा नव्या घेऊ," बाबा म्हणाले. स्वयंपाकघराच्या खिडकीवरची चिकटपट्टी त्यांनी स्वतः काढली. चार नाही, पण दोन बोटांवर तडजोड झाली.

ठिपकेवाल्या पापड्या आईने टाकल्या नाहीत. टाकायची तिची जात नाही. कोरड्या फडक्याने एकेक पुसली, नाहीच निघालं तिथे नखाने खरवडलं, कमी पडल्या तेवढ्या नव्याने घातल्या आणि मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून वर कापड बांधलं.

थंडी सरता सरता अबू नाएफ पुन्हा आला. स्वतः टाकीत पट्टी बुडवली, ओली खूण बघितली, पुन्हा पुसून पुन्हा बुडवली. "माशाल्ला," म्हणाला, "मुहंदिस, क्या किया? फॅमिलीको डीझल नहीं दिया?" बाबा म्हणाले, "हवा दिया." त्याला ते कळलं नाही, पण पुढच्या वर्षीचे इकामे झाले, असं त्याने दाराशीच सांगून टाकलं. आत आईने ऐकलं असणार, कारण भांडं पडल्याचा आवाज आला. मी चहाबरोबर तळलेल्या पापड्या नेल्या. अबू नाएफने एक खाल्ली, मग दुसरी, मग बशीच स्वतःकडे ओढली आणि रिकामी करून माझ्याकडे धरली, "शातिरा, और?" मी धावत स्वयंपाकघरात गेले. आई डबा पुढ्यात घेऊन बसली होती. तिने तो माझ्यासमोर तिरका केला. तळाशी नुसता चुरा.

"संपल्या गं," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. एका माणसाला वर्षभर पुरतील म्हणून केल्या होत्या.